स्वतंत्र रॅपर नेमका कोणापासून स्वतंत्र असतो? नेझीच्या वाटचालीच्या निमित्ताने

तालपत्र (धागाकर्ता)

२०१४ च्या जानेवारीत कुर्ला पश्चिमेच्या एका विशीतल्या तरुणाने यूट्यूबवर आपले पहिले गाणे टाकले. त्याचे नाव नावेद शेख, आणि नेझी हे त्याने स्वतःच घेतलेले दुसरे नाव. 'आफत' या त्या गाण्याचा बीट, म्हणजे शब्दांखाली वाजणारा ठेका, त्याने इंटरनेटवरून शोधला होता, शब्द त्याचे स्वतःचे होते, आवाज घरातल्या आयपॅडवर मुद्रित केला होता आणि वस्तीतली दृश्येही त्याच आयपॅडने टिपली होती. गाण्यामागे कोणतीही कंपनी नव्हती, भाड्याचा स्टुडिओ नव्हता, चित्रपटाचा आधार तर नव्हताच. त्याच वर्षी दिशा रिंदानी यांनी त्याच्यावर केलेल्या 'बॉम्बे ७०' या लघुपटाला मुंबईच्या मामि चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला आणि शहराच्या इंग्रजी वर्तमानपत्रांना कुर्ल्यात रॅप होतो हे कळले.

ही कथा आता सर्वांना ठाऊक आहे आणि ती 'साधने नसतानाही जिद्दीने मोठा झाला' अशा ठराविक साच्यात सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. साधने होती, उलट, साधने पहिल्यांदाच त्याच्या हातात आली होती, आणि गाणे कसे घडते यावर त्याचा थेट परिणाम झाला. स्टुडिओत तासाच्या दराने पैसे मोजणारा गायक एखादी ओळ फार वेळा म्हणून पाहू शकत नाही. घरात आयपॅडपुढे उभा राहणारा मुलगा तीच ओळ रात्रभर म्हणू शकतो, श्वास कोठे तुटतो ते ऐकू शकतो आणि शब्द बदलू शकतो. नेझीच्या सुरुवातीच्या गाण्यांत जी बेफाम गती आहे, ती या एकट्याने केलेल्या घोकंपट्टीतून आलेली आहे असे माझे मत आहे.

त्या गतीचे आणखी एक मूळ आहे. त्याने शाळकरी वयात ज्याची गाणी शब्द उतरवून पाठ केली, तो न्यूयॉर्कचा रॅपर नव्हता, तर जमैकाचा शॉन पॉल होता. डान्सहॉल या जमैकाच्या संगीतप्रकारातली ती तुटक, ठेक्याच्या पुढेमागे पळणारी बोली कानात मुरल्यावर कुर्ल्याची हिंदी तिच्यात बसवणे हे एक वेगळेच काम झाले असणार. (येथे एक विषयांतर क्षम्य मानावे: ज्या डीजे कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधील १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत बहिणीच्या पार्टीसाठी तबकड्या वाजवल्या आणि ज्या दिवसापासून हिप-हॉपचे वय मोजतात, तोही मूळचा किंग्स्टनचाच. म्हणजे जमैकाची गल्ली या प्रकाराच्या उगमाशीही आहे आणि कुर्ल्याच्या गाण्यातही.)

पुढचा प्रवास सरळ नाही. एप्रिल २०१५ मध्ये डिवाइन या मुंबईच्याच दुसऱ्या रॅपरबरोबरचे त्याचे 'मेरे गली में' हे गाणे सोनी म्युझिकने प्रकाशित केले. २०१८ च्या सुमारास तो धार्मिक ओढीमुळे संगीतापासून दूर झाला. नेमक्या त्याच काळात, म्हणजे फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्याच्या आणि डिवाइनच्या आयुष्यांवरून प्रेरणा घेतलेला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' प्रदर्शित झाला. त्यानंतर तो परतला, २०२० मध्ये 'मगरिब' हा त्याचा अल्बम आला, आणि २०२४ मध्ये तो 'बिग बॉस ओटीटी'च्या तिसऱ्या पर्वात उपविजेता ठरला.

माझा प्रश्न असा आहे की या वाटेवर तो कोठपर्यंत स्वतंत्र होता आणि कोठे राहिला नाही. माझे उत्तर थोडक्यात सांगतो, म्हणजे त्यावर वाद घालता येईल. लेबलशी, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीशी, करार केल्याने रॅपर आपोआप परतंत्र होत नाही आणि न केल्याने स्वतंत्रही होत नाही. कोणती ओळ ठेवायची, कोणती काढायची आणि केव्हा गप्प बसायचे, हे ज्याच्या हाती आहे तो स्वतंत्र. त्या अर्थाने नेझीचा सर्वांत स्वतंत्र निर्णय मला ते मौन वाटते, कारण बाजार त्याची वाट पाहत असताना तो गायला नाही.

---

कुर्ला_टर्मिनस

लेख आवडला, पण चित्र जरा एकट्या माणसाचे झाले आहे. नेझीच्या आधी मुंबईत रॅपर होतेच. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमाच्या काळात मुले लेखी लढती करत. एकाने आठ ओळी टाकायच्या, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे, आणि बाकीच्यांनी मत द्यायचे. ठेका नाही, आवाज नाही, केवळ अक्षरे. यमकावर हात बसला तो तेथे. एस नावाच्या रॅपरचा आणि त्याच्या साथीदारांचा मुंबईज फायनेस्ट हा गटही त्याच पिढीतला. यांपैकी बहुतेकांचा प्रारंभ इंग्रजीतून झाला, अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिवाइनसुद्धा आधी इंग्रजीतच लिहीत होता आणि २०१३ मधल्या 'ये मेरा बॉम्बे'च्या आसपास तो हिंदीकडे, म्हणजे खरे तर आपल्या नाक्यावरच्या बोलीकडे, वळला.

माझ्या मते ते वळण आयपॅडपेक्षा मोठे आहे. इंग्रजीत लिहिणारा मुलगा अमेरिकेतल्या रॅपरशी तुलना होण्यासाठीच लिहीत होता. बोलीत लिहू लागल्यावर त्याला पारखणारे कान बदलले, आणि हे नवे कान अधिक कठोर होते, कारण नाक्यावरच्या पोराला खोटा शब्द लगेच कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वस्त डेटा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि ज्या वस्तीविषयी ही गाणी होती, तिलाच ती ऐकता येऊ लागली. २०१४ साली 'आफत' पाहणाऱ्यांत वायफाय असलेले लोक जास्त असावेत. त्यानंतर एमीवे बंटायसारखा रॅपर केवळ यूट्यूबच्या बळावर उभा राहू शकला. त्याने नोकरी करून स्वतःच्या चित्रफितींचा खर्च काढला, सातत्याने गाणी टाकली, २०१९ मध्ये एमटीव्ही युरोपच्या पुरस्कारांत भारतातील सर्वोत्कृष्ट कलाकाराचा मान मिळवला आणि पुढे स्वतःचेच लेबल काढले. धागाकर्त्यांच्या व्याख्येत तो कोठे बसतो? तो कोणाचा बांधील नव्हता, परंतु सतत काहीतरी टाकत राहण्याची सक्ती त्याच्यावर होती. यूट्यूबचे गणित हाही एक मालकच आहे.

---

हिशेबनीस

दोन्ही प्रतिपादने वाचली. मी हिशेब तपासणीच्या व्यवसायात आहे आणि काही तरुण संगीतकारांची कागदपत्रे पाहतो, म्हणून पैशाची बाजू मांडतो. सौंदर्याची चर्चा सुरू असताना रुक्ष बोलल्याबद्दल क्षमस्व. परंतु ओळ कोणाच्या हाती आहे हे शेवटी कागदावर ठरते.

नवोदित रॅपर बहुधा बीट विकत घेत नाही, भाड्याने घेतो. इंटरनेटवर एखादा प्रोड्यूसर, म्हणजे बीट बनवणारा, तोच बीट अनेकांना परवान्याने देतो. परवान्यात किती वेळा ऐकले जाईपर्यंत तो वैध आहे, चित्रफितीत वापरता येईल की नाही, स्टेजवर वाजवता येईल की नाही, हे लिहिलेले असते. गाणे अनपेक्षितपणे गाजले की ही मर्यादा ओलांडली जाते आणि मग प्रोड्यूसर वाढीव रक्कम मागतो किंवा गाण्यावर हक्क सांगतो. काही वेळा तर तोच बीट दुसऱ्याने संपूर्ण मालकीने विकत घेतलेला असतो. 'फुकट बीट' असे लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ बहुधा 'पैसे न कमावता वापरा' एवढाच असतो.

त्यानंतर येतो वितरक. रॅपर स्वतः स्पॉटिफायवर गाणे टाकू शकत नाही. त्यासाठी वितरण सेवा लागते, जी वार्षिक शुल्क घेते किंवा उत्पन्नातला वाटा. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की ज्या गाण्याला मागील १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकले गेलेले नाही, त्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन, किंवा छोट्या चित्रफितींच्या बाबतीत त्याहून वेगळी अट, पूर्ण करावी लागते. म्हणजे पहिल्या काही गाण्यांचे उत्पन्न शून्य धरूनच चालावे.

ज्याकडे कोणीच लक्ष देत नाही, ती बाब मात्र वेगळी आहे. रॅपर हा कायद्याच्या दृष्टीने गायक असण्याबरोबरच गीतकारही असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार गीतकाराला स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) समान वाट्याचा हक्क वारस किंवा प्रताधिकार संस्था सोडून अन्य कोणाला देऊन टाकता येत नाही, आणि तसा करार केला तरी तो टिकत नाही. हे स्वामित्वधन गोळा करण्यासाठी आयपीआरएस ही संस्था आहे. ती १९६९ पासूनची आहे आणि २०१७ मध्ये तिची नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली. मी ज्यांची कागदपत्रे पाहिली, त्यांपैकी फारच थोड्या मुलांनी तिचे सदस्यत्व घेतले होते. मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, लेबलच्या मालकीचा, हे पुष्कळांना कळते. शब्दांचा हक्क अजूनही आपलाच आहे, हे कळत नाही.

---

तालपत्र

हिशेबनीस, आपण मला माझ्याच व्याख्येतली पोकळ जागा दाखवली. मी ओळीविषयी बोलत होतो आणि ओळीच्या मालकीविषयी बोललो नव्हतो. तरीही एक फरक राहतो. डिवाइनचे उदाहरण घ्या. त्याने आधी सोनीबरोबर काम केले, २०१९ मध्ये गली गँग ही स्वतःची कंपनी उभारली, आणि त्याच वर्षी नास या अमेरिकी रॅपरचे मास अपील हे लेबल युनिव्हर्सल या संगीत कंपनीच्या साहाय्याने भारतात आले, तेव्हा त्या लेबलशी करार करणारा तो पहिला कलाकार ठरला. हे स्वातंत्र्याकडून पारतंत्र्याकडे जाणे आहे का? मला ते सौद्याची ताकद वाढल्यावर नव्याने केलेले सौदे वाटतात. मात्र अशी ताकद हजारांत एकाच्या वाट्याला येते, आणि आपली चर्चा उरलेल्यांविषयी असावी.

---

मात्रागण

मला नेझी वा डिवाइन यांच्यापेक्षा एका वेगळ्या प्रश्नात रस आहे. मुंबईत हिंदी रॅप बहरत असताना मराठी रॅप मागे का राहिला? बाजार हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर रचनेत आहे असे मला वाटते, आणि ते रॅप लिहू पाहणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहितो.

रॅपचा एक बार म्हणजे चार मात्रा. सोळा बारांचा एक वर्स धरला तर ६४ मात्रा होतात आणि मिनिटाला ९० ठोक्यांच्या गतीत तो साधारण ४३ सेकंदांत संपतो. प्रत्येक मात्रेचे चार भाग करून प्रत्येक भागावर एक उच्चार ठेवला, तर एका बारात जास्तीत जास्त १६ उच्चार बसतात. या जागा कशा भरायच्या आणि कोणत्या मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या, यालाच मुले फ्लो म्हणतात. आपली अक्षरवृत्ते कागदावरचे अक्षर मोजतात. 'दगड' तेथे तीन अक्षरांचा. बोलताना मात्र त्याचे दोनच उच्चार होतात, कारण शेवटचा अ आपण गिळतो. वृत्तबद्ध कविता लिहून हात बसलेला माणूस रॅप लिहू लागला की त्याच्या ओळी ठेक्यापेक्षा आखूड पडतात आणि त्या भरून काढण्यासाठी तो स्वर ताणतो. तेथेच रॅप संपून भावगीत सुरू होते.

दुसरी अडचण यमकाची. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि प्रत्यय सारखे असतात, त्यामुळे यमक फार स्वस्तात मिळते. 'सकाळी मी उठतो, लोकलमध्ये चढतो, दिवसभर झटतो, रात्री घरी पडतो' असे कितीही लिहिता येईल, पण त्यात काहीच पणाला लागलेले नाही; चौथी ओळ काय असेल ते ऐकणाऱ्याला दुसऱ्या ओळीलाच कळते. क्रियापद उचलून मध्ये टाकले किंवा गाळले आणि नामांवर यमक साधले, की ओळ उभी राहते. नमुन्यादाखल माझ्याच तीन ओळी देतो, त्या गुणासाठी नव्हे तर रचनेसाठी पाहाव्यात:

खिशात मासिक पास, पाठीवर दप्तर,
साहेबाच्या सवालाला तोंडावर उत्तर,
आतमध्ये काळीज, बाहेरून फत्तर.

येथे क्रियापद एकही नाही आणि शेवटचा शब्द तिन्ही वेळा चौथ्या मात्रेवर पडतो. 'पाठीवर', 'तोंडावर', 'बाहेरून' हे तीन-तीन उच्चारांचे शब्द त्याच्या आधीची जागा सारख्याच वजनाने भरतात. आता हे शेवटचे वजन मुद्दाम मोडून चौथी ओळ अर्ध्यातच थांबवली, तर ऐकणारा दचकतो. हे सगळे कानाने करायचे असते. मोजून लिहिलेला वर्स मोजल्यासारखाच ऐकू येतो.

आता परंपरेविषयी. 'पोवाडा म्हणजेच आपला रॅप' हे वाक्य मी समारंभांत इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा कंटाळा आला आहे. पोवाड्याचे काम प्रसंग सांगण्याचे आहे. त्यात शाहीर स्वतःविषयी फारसे बोलत नाही, रॅपर मात्र बहुतांशी स्वतःविषयीच बोलतो. जवळचे नाते शोधायचेच असेल तर ते अठराव्या शतकातल्या अमृतरायांच्या कटावांत शोधावे. कीर्तनात द्रुत लयीत म्हणायची, अनुप्रासांची न तुटणारी साखळी, आणि ती म्हणणाऱ्याच्या श्वासाची परीक्षा, हे गुण तेथे स्पष्ट दिसतात. लढतीच्या रॅपला जवळचा आपला कलगी-तुरा: दोन फड, एकाने कोडे घालायचे, दुसऱ्याने तेथल्या तेथे उत्तर रचायचे, आणि हरणाऱ्याची सर्वांदेखत नाचक्की व्हायची.

---

वऱ्हाडी_ठेका

मात्रागण यांचे विवेचन वाचून आनंद झाला, पण मराठी रॅप मागे राहिला हे विधान पुण्या-मुंबईहून केलेले दिसते. आमच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर १००आरबीएच या नावाने मराठीत आणि हिंदीत लिहितो, जातीविषयी लिहितो, आणि त्याच्या मराठीत वऱ्हाडी हेल असा येतो की प्रमाण मराठीत ती ओळ म्हणूच नये. मला तर वाटते, रॅपला प्रमाण मराठी मानवतच नाही. 'करून राह्यलो' मधला तो लांबलेला स्वर हा आमचा नैसर्गिक ठेका आहे.

सौरभ ज्या स्वदेसी या रॅपरांच्या गटाशी जोडलेला आहे, त्या गटाचा उल्लेख या धाग्यावर आतापर्यंत व्हायला हवा होता. स्वतंत्र म्हणजे एकटा, असे आपण सगळेच गृहीत धरून चाललो आहोत, आणि स्वदेसीने ते खोटे ठरवले. वेगवेगळ्या भाषांत लिहिणारी मुले एकत्र आली. एमसी मवाली मराठी-हिंदीत, तर नायगावच्या बीडीडी चाळीतला धर्मेश परमार, म्हणजेच एमसी तोडफोड, गुजरातीत. २०१९ मध्ये त्यांनी आरे वसाहतीतले वारली कलाकार आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्हॉल्ट' केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत एका रात्रीत झाडांवर कुऱ्हाड चालली. गाणे आधीचे आहे, हे लक्षात घ्यावे. बातमी आल्यावर तिच्यावर लिहिलेले ते नाही. भोईरांचा आवाज त्यात शोभेसाठी घेतलेला नाही. गाण्याचा कणा तोच आहे आणि रॅपर त्याच्याभोवती उभे आहेत. तोडफोड मार्च २०२२ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेला. आपला एकल संग्रह त्याने त्याच महिन्यात प्रकाशित केला होता.

परंपरेचे म्हणाल, तर मात्रागण यांच्या यादीत आंबेडकरी जलसा नाही याचे आश्चर्य वाटले. भीमराव कर्डकांचे जलसे आणि नंतर वामनदादा कर्डकांची गाणी यांनी आमच्या वस्त्यांना शिकवले की गाणे म्हणजे आपली बाजू मांडणे. पोवाड्यात शाहीर स्वतःविषयी बोलत नाही हे मान्य. जलशात मात्र 'आम्ही' बोलतो. माझ्या पाहण्यातले अनेक तरुण रॅपर जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाण्यांवर वाढलेले आहेत आणि अमेरिकेचे त्यांना नंतर कळले.

---

सुलेखा_वाचक

मी या विषयात नवखी आहे, तरी एक शंका विचारते. मुलाच्या आग्रहावरून काही गाणी ऐकली. मांडणीतली ताकद कळली. परंतु शिव्या, स्वतःची अफाट बढाई आणि स्त्रियांविषयीची भाषा यांमुळे मन खट्टू झाले. प्रस्थापितांविरुद्ध बोलणारा हा प्रकार घरातल्या बाईविषयी बोलताना एकदम जुनाच कसा होतो?

---

कुर्ला_टर्मिनस

ताई, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याला 'ही रस्त्याची भाषा आहे' असे उत्तर देणे ही पळवाट ठरेल. शिवी आणि बढाई यांबाबत मी थोडा बचाव करीन: बढाई हा लढतीचा नियमच आहे, जसा कलगी-तुऱ्यात होता. स्त्रियांविषयीच्या ओळींचा बचाव करता येत नाही. त्या बहुधा उसन्या असतात. परदेशी गाण्यांतून जशाच्या तशा उचललेल्या, आणि म्हणून कारागिरीच्या दृष्टीनेही कच्च्या. आपण डी एमसी हिला जरूर ऐकावे. ती कल्याणकडची मुलगी आहे, सायफरमध्ये, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप म्हणण्याच्या बैठकीत, मुलांच्या घोळक्यात उभी राहून तिने जागा मिळवली, आणि 'गली बॉय'च्या गाण्यांतही तिचा आवाज आहे. रात्री उशिरा संपणाऱ्या कार्यक्रमाला जाऊन शेवटची लोकल पकडणे हे मुलासाठी आणि मुलीसाठी सारखे नसते. स्वतंत्र रॅपरच्या वाटेविषयी बोलताना हा खर्च कोणी धरत नाही.

---

मात्रागण

वऱ्हाडी_ठेका यांचा जलशाविषयीचा मुद्दा मान्य. मी रचनेच्या अंगाने पाहत होतो, आशयाच्या अंगाने ते नाते अधिक खरे आहे.

आणखी एक सांगतो. 'तांबडी चामडी' हे क्रॅटेक्स आणि श्रेयस यांचे गाणे २०२४ मध्ये देशाबाहेरही वाजले आणि ते स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलने काढले. ते हाउस, म्हणजे नाचण्यासाठीचे इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, रूढ अर्थाने रॅप नव्हे, पण त्यातले श्रेयसचे मराठी शब्द ऐका: कठोर व्यंजने ढोलासारखी वापरली आहेत. ट, ड, ढ, ळ यांची आपल्याकडे जी श्रीमंती आहे, ती ठेक्याच्या संगीतात भांडवल ठरते, हे भावगीतावर पोसलेल्या आपल्या कानांना उशिरा कळले.

---

नाशिकचा_बाबा

मुलगा बारावीनंतर रॅप करतो. त्याच्या खोलीच्या दाराला आतून रजई टांगलेली आहे आणि कपाटात तोंड घालून तो बोलत असतो. सुरुवातीला आम्हाला काळजी वाटली. नंतर कळले की खोलीतला घुमारा मायक्रोफोनमध्ये येऊ नये म्हणून कपडे आवाज शोषतात. त्याची निष्ठा पाहून आता विरोध उरलेला नाही. त्याला परवा एका कंपनीकडून करार आला आहे. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत' असे शब्द आहेत आणि मुदत कोठेच लिहिलेली नाही. तो सही करायला उतावीळ आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. शिवाय, २०२३ मध्ये राजकीय रॅपवरून दोन मराठी तरुणांवर गुन्हे दाखल झाल्याचे वाचले होते. आमचा मुलगाही तशा ओळी लिहितो, त्याचेही भय वाटते.

---

हिशेबनीस

सही तूर्त थांबवावी. मुदत लिहिलेली नसेल, तर प्रताधिकार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण पाच वर्षांचे मानले जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. म्हणजे कायदा काही प्रमाणात मुलाच्या बाजूने आहे. परंतु 'कायमस्वरूपी' किंवा 'जगभर' हा शब्द कोठे आडबाजूला, व्याख्यांच्या परिच्छेदात दडलेला आहे का, ते तपासून पाहावे. हस्तांतरण आणि परवाना यांतला फरकही वाचावा: परवान्यात मालकी मुलाकडे राहते आणि कंपनीला वापराची मुभा मिळते, त्यामुळे पहिल्या करारात परवान्याचाच आग्रह धरावा. एक गाणे की पुढची सर्व गाणी, हे स्पष्ट करून घ्यावे. कार्यक्रमांच्या उत्पन्नात कंपनीचा वाटा लिहिला असेल तर त्या बदल्यात ती कार्यक्रम मिळवून देणार आहे का, हे लेखी मागावे. कंपनीने गाणे घेऊन नुसते ठेवून दिले, तर त्याच कलमाप्रमाणे एका वर्षानंतर ते हक्क परत येतात, मात्र करारात उलट लिहिलेले नसेल तरच. पुष्कळ करारांत ते उलटच लिहिलेले असते.

गुन्ह्यांविषयी मी मत देणार नाही; त्यासाठी फौजदारी वकिलाला भेटावे. करारात मात्र 'वादग्रस्त मजकुराची सर्व जबाबदारी कलाकाराची' असे एक वाक्य बहुधा असते, आणि त्याच करारात मजकूर बदलण्याचा अधिकार कंपनीला दिलेला असतो. ही दोन वाक्ये एकत्र असतील, तर त्यांपैकी एक काढायला सांगावे.

---

तालपत्र

नाशिकचे बाबा, मुलाला करार मोठ्याने वाचायला सांगा. जो श्वास कोठे घ्यायचा हे जाणतो, त्याला ती दोन वाक्ये नक्की सापडतील. आणि कपाटात मुद्रित केलेले काही ऐकवण्यासारखे असेल तर दुवा येथेच द्यावा; मात्रागण मोजतील, वऱ्हाडी_ठेका हेल तपासतील आणि मी नुसता ऐकेन.

---

नाशिकचा_बाबा

आभारी आहे. 'जगभर' हा शब्द चौथ्या पानावर सापडला. मुलाने सही थांबवली आहे आणि दुवा रविवारी देईन म्हणतो, कारण दुसऱ्या वर्समधली तीन क्रियापदे त्याला अजून शेवटून काढायची आहेत.